दफेदारकाकांचा मुआयना

दफेदारकाकांना कोणी पहिल्यांदा भेटलं की नाव विचारायच्या आधी ते त्या माणसाभोवती एक फेरी मारत. केस, कान, नखं, टाचा, या क्रमाने नजर फिरे. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा माझ्याकडे, काकांच्या शेजारी, चहाला आल्या होत्या. त्या गेल्यावर काका म्हणाले, "हाड चांगलं आहे, पण खरारा नाही."

काकांचा जन्म संस्थानच्या पागेत दफेदारी करण्यात गेला होता. घोड्याचं अंग ज्या दातेरी साधनाने घासतात तो खरारा. तो नीट झाला की जनावर खुशीत राहतं आणि माणसाचंही तसंच आहे, असं त्यांचं मत. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पागा मोडली, काका पेन्शनीत निघाले, पण मुआयना, म्हणजे तपासणी, करायची सवय काही सुटली नाही. "पहले मुआयना, फिर फैसला" हे वाक्य आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ होतं. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, कुसुमला, बघायला देवासचा मुलगा आला, तर काकांनी त्याला अंगणातून दोनदा जा-ये करायला लावलं आणि त्याच्या वडिलांसमोर सांगितलं की डाव्या पायात खोट आहे. कुसुम आत तोंडाला पदर लावून हसत होती.

मी इंदूरच्या एका शाळेत शिकवायचे आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. कुसुमची आई ती लहान असताना गेलेली, घरात बापलेक दोघंच. कुसुम मॅट्रिक झाली होती आणि तिचा जीव केसांत होता. गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न असो, वेणी कुसुमच घालायची. माझ्या मासिकात तिला मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. केशरचना, चेहऱ्याची निगा, सगळं शिकवणार, वर्षभराचा कोर्स आणि शेवटी सर्टिफिकेट. आबांसमोर, म्हणजे काकांसमोर, ते मांडायला तिने मला पुढे केलं.

काकांच्या थोरल्या बहीण आक्कासाहेब तेव्हा मुक्कामाला होत्या. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं की आपल्या घरातली मुलगी आता लोकांची डोकी धुणार का. काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"आक्कासाहेब, मी तीस वर्षं काय केलं?" ते म्हणाले. "आंघोळी घातल्या, आयाळ विंचरली. घोडे होते म्हणून तुम्हाला त्यात इज्जत दिसली."

आक्कासाहेब दुसऱ्या दिवशी देवासला निघून गेल्या. शिकायचं की नाही हा प्रश्न असा मिटला. कुठे शिकायचं हा उरला.

कारण दुसरीही एक जागा होती. महूच्या छावणीत डिकॉस्टाबाई नावाच्या एक विधवा बाई गोऱ्या साहेबांच्या मडमांचे केस करत आलेल्या. साहेब गेले, पण बाईंचं दुकान टिकलं, आणि दोन-तीन मुलींना त्या शिकवतही. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी घरी यायचं. कुसुमने चौकशी केली आणि मुंबईचं नाव घेणं बंद केलं. महूच बरं, आबांच्या जेवणाचं काय, असं ती मला म्हणाली. मुंबईची जाहिरात मात्र तिने टाकून दिली नव्हती, हे मी पाहिलं होतं आणि काकांनीही.

"दोन्हीकडे मुआयना होईल," त्यांनी जाहीर केलं.

महूला आम्ही तिघं गेलो. डिकॉस्टाबाईंनी सांगितलं की इथे फक्त लेडीज लोगांचं काम होतं. काकांनी फेटा काढला, खुर्चीत बसले आणि म्हणाले की ज्या हाताखाली मुलगी द्यायची तो हात आधी आपण बघणार. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि त्यांचं डोकं धुवायला घेतलं. थोड्या वेळाने खुर्चीतून घोरण्याचा आवाज यायला लागला. उठवल्यावर काकांनी फेटा बांधला आणि आम्ही परतीची गाडी धरली.

मग खांडव्याला गाडी बदलून मुंबई. तिथेही माझं काम दुभाष्याचं, कारण काकांची अर्धी हिंदी, अर्धी मराठी संस्थेच्या प्राचार्यांना झेपत नव्हती. पुरुषांना आत मनाई होती. काकांनी तिथेही फेटा काढला. शेवटी शिकाऊ मुलींना सरावासाठी एक डोकं मिळतंय म्हणून प्राचार्यांनी परवानगी दिली. मुलींनी त्यांच्या कानात पाणी घातलं, ड्रायरखाली टाळू भाजली आणि उरलेल्या पांढऱ्या केसांवर चिकट पाणी लावून अशा लाटा बसवल्या की कुसुम हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या लाटा मोडू नयेत म्हणून काका परतीच्या प्रवासात बसूनच झोपले. इंदूरला टांग्यातही फेटा मांडीवर होता.

घरी आल्यावर निकाल लागला. मुंबई पास. महूच्या बाईचा हात जड आहे.

"पण आबा, तुम्ही तर झोपला होतात," कुसुम म्हणाली.

"जड हाताने गुंगी येते," काका म्हणाले आणि विषय संपवला.

कुसुम दोन दिवस रडली आणि मग ट्रंक भरायला लागली. ट्रंक भरताना तिचा चेहरा इतका उजळला होता की निकालाबद्दल मी काकांना पुढे काही विचारलं नाही. कुसुम तो कोर्स चांगल्या तऱ्हेने पास झाली, मुंबईतच नोकरीला लागली, आणि दर दिवाळीला येऊन सगळ्या गल्लीचे केस करून देऊ लागली. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, ती गेली त्या हिवाळ्यातलं.

माझी मावसबहीण महूला राहायची. एका रविवारी तिच्याकडून परतताना मी सहज डिकॉस्टाबाईंच्या दुकानात डोकावले. खुर्चीत काका होते. डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, आणि बाईंची बोटं फेसातून सावकाश फिरत होती.

"हर इतवार आता है," बाई माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. मला पाहून ते दचकले नाहीत.

"यांचा हात जड आहे ना, काका?" मी विचारलं.

"मुंबईच्या पोरींपेक्षा शंभरपट चांगला आहे," ते म्हणाले. "इथे ठेवली असती तर पोर रोज संध्याकाळी माझ्यासाठी धावत परत आली असती, मास्तरीणबाई. जन्मभर तेच केलं असतं तिने. तिला कळवू नका."

मी नाही कळवणार म्हणाले. बाईंनी तांब्यातलं कोमट पाणी ओतलं. ते कानामागून ओघळलं.

"घरात डोक्याला हात लावणारं आता कोणी नाही," काका म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "तुम्ही संध्याकाळच्याच गाडीने जाणार ना? बसा थोडं. बरोबरच जाऊ."

मी पिशवी खाली ठेवली आणि भिंतीजवळच्या बाकावर बसले.