दुभाजकावरचा रुसवा

"अलीकडं बघ बाई, पलीकडं बघ,
हात माझा धर घट्ट, मग पाऊल टाक!"

हा माझ्या आईचा आवाज. मी तिच्या कमरेलाही लागत नव्हते तेव्हाचा. शाळेच्या वाटेवर ओवी म्हणावी तशी ती हे म्हणायची आणि मला रस्त्यापलीकडे न्यायची. 'बघ' आणि 'टाक' यांचं काही नीट जुळत नाही, हे मला तेव्हाही खटकायचं. पण धडधाकट पलीकडे पोचल्यावर यमकाची तक्रार कोण करतं?

त्या आवाजाच्या जोरावर मी मोठी झाले आणि पायी चालणारी बाई झाले. बाजार पायी, ऑफिस पायी, बँक पायी! म्हणून तर परवा शनिवारी, जेवता जेवता, मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "हे बघा, मी ओलांडू शकत नाही असा रस्ता अजून कुणी बांधलेला नाही. आईला मी मावशीकडे नेणार. उद्याच्या आत!"

आमच्या ह्यांनी भाताचा घास तसाच हातात धरला. आई ताटाकडे बघत म्हणाली, "मला नाही जायचं. मी रुसलेय तिच्यावर."

आता हा रुसवा काय, ते सांगायला हवं. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्या अगदी समोर राहते. आमच्या खिडकीत उभं राहिलं की तिच्या खिडकीतला पडदा दिसतो, पडद्यावरची पानं दिसतात. मधे फक्त रस्ता. पूर्वी तो रस्ता म्हणजे दोन घरांचं मिळून एक अंगणच होतं. आईने इकडून "साखर आहे का गं?" म्हणून हाक द्यावी आणि मावशीने चपला न घालता वाटी घेऊन निघावं! वाटेत एखादा सायकलवाला थांबून मावशीला विचारायचा, "चहा टाकलाय का?"

मग रस्ता रुंद झाला. आधी कडेची झाडं गेली. मग झाडांखालचा बाक गेला. मग पदपथ असा बारीक झाला, की त्यावरून फक्त मांजर जाऊ शकेल, तीही अंग चोरून. मधे दुभाजक आला. आणि गाड्या! जणू पलीकडच्या गावात काही फुकट वाटताहेत आणि ते संपत आलंय, अशा सुटलेल्या.

तेव्हापासून आई मावशीकडे गेली नाही आणि मावशी आईकडे आली नाही. आई म्हणे, "मी थोरली. तिने यायला नको?" मावशी फोनवर म्हणे, "दर वेळी मीच का? ताईचे पाय काय माहेरी राहिलेत?" होता होता फोनही बंद झाला. राहिली ती खिडकी. सकाळी समोरचा पडदा सरकला, की आई म्हणायची, "उठली एकदाची!" आणि मगच आपला चहा घ्यायची. पडदा सरकायला उशीर झाला, तर चहा गार व्हायचा.

माझ्या आजोळची माणसंच अशी. भीती त्या घराला ठाऊक नाही. थोरला मामा जन्मात पोहला नाही, कारण तो विहिरीवर रुसला होता. आजी डॉक्टरच्या सुईवर रुसलेली. धाकटा मामा तर शेजारच्या कुत्र्यावर असा रुसला होता, की ते दिसलं की हा गच्चीत! एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेली मी, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

आणि आता मावशी गाव सोडून चालली होती. लेकीकडे, कायमची, रविवारी दुपारी. सामानाला टेम्पो ठरला होता. न भेटताच गेली असती, तर आई पुढे रोज सकाळी त्या उघड्या, बिनपडद्याच्या खिडकीकडे बघत बसली असती. चहा गार करत.

"पायी कशाला?" घास एकदाचा गिळून हे म्हणाले. "दारात गाडी आहे. मी सोडतो ना सासूबाईंना. एका मिनिटाचं काम!"

समोरच्या घरी जायला गाडी! पण आई लगेच म्हणाली, "गाडीने असेल तर येते. जावईबापूंचा शब्द कसा मोडायचा?" मला जरा नवल वाटलं. जावयाचे इतके शब्द तिने हसत हसत मोडलेत, हाच कसा अडला?

संध्याकाळी निघालो. दुभाजक असल्यामुळे समोर जायला आधी उलट दिशेने जावं लागतं. ह्यांनी पुलाखालचं वळण धरायचं, ते चुकून पूलच धरला. पुलाने आम्हाला एकदा पोटात घेतलं ते पार दुसऱ्या टोकाला, टायरच्या दुकानांसमोर नेऊन ओकलं. तिथून विचारत विचारत मावशीच्या बाजूला लागलो.

"ते बघ, मावशीचं घर!" मी म्हणाले.

"थांबवा, थांबवा!" आई म्हणाली.

"कुठे थांबवू? मागे बस आहे!" हे ओरडले.

मावशी खिडकीतच होती. आईने काच खाली करून हात हलवला. मावशीने हात वर केला. आणि गाडी पुढे निघून गेली!

पुन्हा पूल. पुन्हा टायर. पुन्हा मावशी. या खेपेला मागे पाण्याचा टँकर. आईने पुन्हा हात हलवला, पण मावशीचा हात काही वर झाला नाही. तिसऱ्या खेपेला पडदा सर्रकन ओढला गेला.

"पाहिलंस?" आईने काच वर केली. "माझ्या तोंडावर पडदा ओढला! चला घरी."

घरात पाऊल ठेवतो तोच माझा फोन वाजला. मावशी! "तुझ्या आईला म्हणावं, मी निघाले ते तुला ठाऊक आहे. पण इतका आनंद? दारावरून गाडी मिरवत, हात हलवत टाटा करत फिरायचं? तेही पुन्हा पुन्हा?"

"अगं मावशी, तसं नाही, मागे टँकर होता..."

"वा! टँकरवाल्यालाही दाखवायला आणलं होतं का?" असं म्हणून फोन ठेवला.

ह्यांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मी आपला पेपर वाचतो."

रविवारी सकाळी मी आईचा हात धरला आणि म्हटलं, "चल. पायी. तिच्या तोंडावर काय ते सांग, मग खुशाल रुस." आईने चपला शोधायला वेळ लावला. चष्मा पुसायला वेळ लावला. जिन्यात तिला गॅस चालू राहिल्यासारखा वाटला. शेवटी आम्ही सिग्नलपाशी जाऊन उभ्या राहिलो.

सिग्नलच्या खांबावर एक हिरवा माणूस राहतो. तो दिसला की आपण चालायचं. पण हा गृहस्थ म्हणजे दारातूनच 'येतो हं' म्हणणारा पाहुणा! आला म्हणेस्तोवर लुकलुकायला लागतो आणि पळत सुटतो. आपणही पळावं, अशी त्याची अपेक्षा असते. आईच्या वयाची माणसं या गावात असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आम्ही दुभाजकापर्यंत पोचलो आणि तो गेला. फुलझाडांच्या दोन कुंड्यांमधे आम्ही दोघी अडकलो. पुढून गाड्या, मागून गाड्या. साडीचा पदर कधी या बाजूच्या गाड्या ओढताहेत, कधी त्या. आणि कुंडीपलीकडून आवाज आला,

"आलात? कालची हौस फिटली नाही वाटतं?"

मावशी! आम्हाला चार शब्द सुनवायला ती पलीकडून निघाली होती आणि तीही इथेच अडकली होती. हातात साखरेची वाटी होती. भांडायला येताना वाटी कशाला, हे मी विचारलं नाही.

"पडदा ओढलास ना?" आई कडाडली.

"टाटा केलास ना?"

"मी हाक मारत होते!"

"चालत्या गाडीतून?"

"थांबवली असती, पण मागे टँकर..."

"पुन्हा टँकर!"

एवढ्यात शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस धावत आला. "ओ आजी! इथे आंदोलनाला परवानगी आहे का?"

"आंदोलन कसलं रे?" आई म्हणाली. "ही माझी बहीण आहे."

"हो का? मागण्या काय आहेत तुमच्या?"

"हिने माफी मागावी!" दोघी एकदम म्हणाल्या.

पोलिसाने घाम पुसला. मग बिचाऱ्याने दोन्ही हात पसरले आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. "चला आजी. रस्ता मोकळा. जा."

"चल माझ्याकडे," आई म्हणाली.

"तू चल माझ्याकडे," मावशी म्हणाली.

"मी थोरली!"

"मी जाणारी!"

"कुठे तरी जा हो!" पोलीस काकुळतीला आला. रांग पुलापर्यंत गेली होती. रांगेतून एक माणूस चालत आला आणि विचारू लागला, "मी टेम्पोवाला. ते लेकीकडे जाणाऱ्या मावशींचं घर कुठलं? पुढे काहीतरी अपघात झालाय म्हणे."

"मीच तो अपघात," मावशी म्हणाली. "थांब जरा."

हळूहळू हॉर्न थकले. एकेकाने इंजिन बंद केलं. आणि रस्ता रुंद झाल्यापासून पहिल्यांदा तिथे शांतता झाली. कुंडीतल्या फुलावर एक माशी गुणगुणत होती, ती ऐकू आली. आईने त्या मोकळ्या, काळ्या, लांबच लांब रस्त्याकडे पाहिलं. मग वाटीकडे. मग मावशीकडे.

"मी रुसले नव्हते गं," ती अगदी हळू म्हणाली. "मला भीती वाटते. या रस्त्याची. खाली उतरायचे, काठावर उभी राहायचे आणि परत वर जायचे. मग खिडकीत बसायचे. तुझा पडदा बघत."

मावशीने वाटी आईपुढे धरली.

"मग आधी सांगायचं नाही?" ती म्हणाली. "मीही रोज ही वाटी घेऊन खाली उतरते. आणि साखर परत डब्यात टाकते. तू येईनास, मला येववेना, म्हणून तर निघाले होते. गाड्याच बघायच्या, तर लेकीच्या गावात काय कमी आहेत?"

टेम्पोवाल्याने नाक ओढलं. पोलीस पुलाकडे बघू लागला. त्याचे हात तसेच पसरलेले होते, आता जरा खाली आले होते.

"मग सामान भरून आता कुठे न्यायचं?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"समोर," आई म्हणाली. "आमच्या मागच्या खोलीत. पण पुलावरून ये बाबा, आणि टायरची दुकानं दिसली की माघारी वळ."

मागच्या खोलीत आमचे हे पेपर वाचत बसले होते. ते त्यांना अजून कुणी सांगायचं होतं.

मावशीने आईचा एक हात धरला, आईने माझा. आम्ही दुभाजकावरून उतरलो. दोन्हीकडे गाड्या नुसत्या दात विचकून उभ्या, कधीही सुटतील अशा.

"अगं," आई थांबून मला म्हणाली, "तुझा हात का असा गार पडलाय?"

"माझा? छे! मी... मी जरा रुसलेय."

"कुणावर?"

मी अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं. आदल्या दिवशी छाती पुढे काढून बोललेलं सगळं घशात आलं. रोज पायी जाते खरी, पण हा सिग्नल चुकवून, पार मंडईपर्यंतचा वळसा घालून जाते, हे मी ह्यांनाही कधी कळू दिलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "हात सोडू नकोस. मलाही भीती वाटते."