अहो, येऊ का आत?

सबनीसकाका सगळ्या जगाला अरे-तुरे करत. मला, वॉचमनला, अगदी ऑफिसातल्या त्यांच्या इजिप्शियन मॅनेजरलासुद्धा. पण इथे आखातात, करामातल्या आमच्या शेजारच्या फ्लॅटमधून रोज संध्याकाळी त्यांचा मऊ आवाज येई, "अहो, येऊ का आत? फक्त पाणी बदलतोय."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग ह्या कोण? मी आणि माझी बायको, दोघंही बुचकळ्यात पडलो होतो.

शेवटी बायकोने हिय्या करून विचारलं, तर काकांनी आम्हाला आत नेऊन काचेची पेटी दाखवली. पेटीत हातभर लांबीची पिवळसर सापीण होती. आम्हाला पाहताच तिने मान मागे घेतली आणि काचेवर अशी झेप टाकली की बायको माझ्यामागे लपली आणि मी दारामागे.

"बिनविषारी आहेत," काका म्हणाले. "घाबरल्यात, म्हणून अंगावर येतात. निखिलच्या आहेत ह्या."

निखिल हा काकांचा एकुलता एक मुलगा. तो कॅनडाला शिकायला गेला आणि तेव्हापासून ही अन्नाला शिवली नव्हती. पालीलासुद्धा घाबरणारे काका तिच्यासाठी डीप फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, उंदीर ठेवू लागले होते.

"दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. पहिला प्रश्न, 'हॅज शी ईटन, बाबा?' दुसरा प्रश्नच नसतो. ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर पोरगा माझ्याशी बोलणार कशावर?"

मी दारामागून डोकं बाहेर काढलं.

"पण तुम्ही तिला अहो का म्हणता?"

"ओळख कुठाय अजून?"

सापाला कान नसतात, हे मी शाळेत शिकलो होतो. तसं सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणून काय न विचारता आत शिरायचं?"

मग निखिलच्या फोनवरच्या सूचनांप्रमाणे घर बदलत गेलं. पेटीला तीन बाजूंनी टॉवेल लागले. लपायला उलटी कुंडी आली. वरून हात घालायचा नाही, तिला घार वाटते. रोखून बघायचं नाही. काका घरात मोजे घालून चालू लागले. आमचं स्वयंपाकघर त्या भिंतीला लागून, म्हणून आमचा मिक्सरही बंद झाला. "त्यांना हादरे बसतात रे. यल्ला, चल, पण हळू," हे त्यांचं पालुपद. आम्ही कित्येक दिवस चटणीवाचून डोसे खाल्ले.

नागपंचमीला बायको दूध-लाह्या, हळद-कुंकू घेऊन गेली. सगळ्या करामात एकच जिवंत साप, तोही शेजारी, म्हणून ती भलतीच खूष होती. काकांनी तिला दारातच अडवलं.

"वहिनी, दूध पचत नाही त्यांना. आणि कुंकू तर खलास! पापण्याच नाहीत हो, डोळ्यांत जाईल."

बायकोने उंबऱ्याची पूजा केली. एरवी कुणाशी 'हो' लावून न बोलणारे काका आज तिच्याशी 'हो' लावून बोलले, ह्याचंच तिला नवल वाटलं.

आणि एक दिवस सापिणीने उंदीर गिळला. काकांनी मोज्यांवरच धावत येऊन आम्हाला पेढे दिले.

त्या शुक्रवारी मी तिथेच होतो. "खाल्लं रे, खाल्लं!" काका फोनवर ओरडले. पलीकडून आवाज आला, "ओह ग्रेट! ओके बाबा, बाय." काका बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले.

पुढच्या शुक्रवारी मी उसळ द्यायला गेलो. पेटीत सापीण निवांत पसरली होती. दुसरा उंदीर खाऊन तिचं पोट टम्म फुगलं होतं. आणि काका फोनवर सांगत होते, "नाही रे, पुन्हा बिचकल्यात. तोंड लावत नाहीत."

माझा पुरता गोंधळ उडाला. "अहो काका, पण..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे निखिल काळजीने बोलत होता, टॉवेल, कुंडी, ऊब, सगळं पहिल्यापासून. काका डोळे मिटून ऐकत होते. "हो. सांग ना. सावकाश सांग, मला घाई नाही."  मी उसळीचं भांडं आवाज न करता खाली ठेवलं.

फोन संपल्यावर ते पेटीशेजारी जमिनीवर बसले.

"निखिलला सांगू नकोस हं," ते म्हणाले.

मी मान डोलावली. पण ते मला म्हणाले नव्हते. सापिणीला त्यांनी पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.