टाळांच्या पेटीतली काडतुसं

त्या शनिवारी सकाळी नीलिमाताई बेसमेंटमध्ये कीर्तनासाठी सतरंज्या अंथरत होत्या आणि त्यांचे यजमान दीनानाथ कपाळाला गंध लावून, पायांत बर्फातले बूट चढवून, काडतुसं आणायला निघाले होते.

"अहो, दोन वाजता बुवा येणार. तुम्ही कुठे निघालात?"

"दूध संपलंय ना?"

"चार पिशव्या आहेत फ्रिजमध्ये."

"मग ब्रेड," असं पुटपुटत दीनानाथ गॅरेजमधून पसार झाले.

कॅनडातल्या रिचमंड हिलमध्ये दर महिन्याला घरी कीर्तन करवणारा, बुवांनी आख्यान रंगवलं की पंच्याच्या टोकाने डोळे टिपणारा हा माणूस. याला काडतुसं कशाला हवीत? तर ऊर्मीसाठी. सोळा वर्षांच्या त्यांच्या लेकीने नाचाचा क्लास सोडून बायाथलॉन धरलं होतं. पाठीवर रायफल घेऊन बर्फावर स्की करत धावायचं आणि छाती भात्यासारखी वरखाली होत असताना पाच काळ्या ठिपक्यांवर नेम धरायचा. तिच्यासाठी दीनानाथांनी परीक्षा देऊन बंदुकीचं लायसन्स काढलं. लायसन्सवरच्या फोटोतही गंध होतंच.

मार्चच्या पहिल्या रविवारी रिले शर्यत होती. ऊर्मी, हेझल आणि चैत्राली अशी तिघींची टीम. गेल्या वर्षी एका नेमाने त्यांचं पदक हुकलं होतं. तेव्हापासून ऊर्मीच्या खोलीत भिंतीवर पाच काळे ठिपके चिकटवलेले होते आणि लेक झोपण्याआधी त्यांच्याकडे पाच मिनिटं टक लावून बसायची. दीनानाथ त्याला तिचं ध्यान म्हणत.

पण २०१३च्या त्या हिवाळ्यात तिच्या रायफलीला लागणारी पॉइंट ट्वेंटी-टूची काडतुसं बाजारातून जणू उडून गेली होती. एरवी गोळ्याबिस्किटांसारखी पडून असायची. आता दुकान उघडायच्या आधी रांग लागायची आणि माणशी दोनच डबे मिळायचे.

काउंटरवर वसईचा सिरील होता. दीनानाथांना पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"आलात? काल पण नेलेत, परवा पण नेलेत. पोरगी शर्यतीला चाललीय की लढाईला?"

"अरे, मिळतायत तोवर घेऊन ठेवतो. सिरील, खरं सांग, ही टंचाई आहे तरी कशाने? कारखाने बंद पडले का?"

"कुठले बंद! दिवसरात्र चालू हायत. कोणीतरी बोललं, माल संपणार. एक डबा नेणारा चार न्यायला लागला. शेल्फ रिकामं बघून पाचव्याने आठ मागितले. उडवत कोणीच नाय, सगळे कपाटात ठेवतात." सिरीलने पुढे वाकून आवाज खाली आणला. "आणि तुमच्या मागे तो टोपीवाला हाय ना, तो मला विचारत होता, हा कपाळावर खूण असलेला माणूस रोज येतो, याला आतली काय खबर हाय? म्हणून तो पण रोज येतो."

दीनानाथांनी मागे पाहिलं. टोपीवाल्याने अदबीने मान लववली. दीनानाथांनीही लववली आणि दोन डबे कोटात घातले.

खरी बोच वेगळीच होती. सोमवारी कोचची ईमेल आली होती. क्लबचा साठा संपला आहे, घरात जी काडतुसं असतील ती शनिवार संध्याकाळपर्यंत क्लबमध्ये जमा करावीत. सरावाला आणि शर्यतीला मिळून वीस डबे लागतील. तेवढे जमले नाहीत, तर रिलेतून नाव मागे घ्यावं लागेल.

दीनानाथ त्या ईमेलसमोर बराच वेळ बसले होते. जमा केले आणि सगळ्यांत वाटले गेले तर? पुढच्या वर्षी मिळालेच नाहीत तर? शेवटी त्यांनी लिहिलं, "माझ्याकडे एकच डबा आहे. क्षमस्व." 'क्षमस्व'ला इंग्रजीत सॉरी लिहिलं, तेव्हा त्यांना जरा हलकं वाटलं. बाकी दोघी मुलींच्या वडिलांचंही तेच उत्तर आलं. एकेकच डबा. तीनच डबे! ऊर्मी तेव्हापासून जेवताना बोलेनाशी झाली होती, आणि दीनानाथांना घास जात नव्हता. तरी ते रोज रांगेत जातच होते.

दोन वाजता चारुदत्तबुवा आले. चाळीसेक मंडळी जमली. ऊर्मीबरोबर हेझलही आली होती. शिरा मिळणार म्हटल्यावर ती दर कीर्तनाला यायची. बुवांनी पूर्वरंगाला विषय घेतला संचयाचा. "देवाने माणसाला ओंजळ दिली," बुवा रंगात येऊन म्हणाले, "पण माणूस देवालाच म्हणाला, महाराज, याला झाकण कुठाय?"

बेसमेंट हसून हसून लोटपोट झालं. दीनानाथांनी डोळे टिपले. आज जरा जास्तच टिपले.

"आता नामाचा गजर! यजमान, टाळ काढा."

दीनानाथांचा चेहरा पांढरा पडला. घरात कुलूप असलेली एकच मोठी वस्तू होती, ती म्हणजे टाळांची लोखंडी पेटी. कायद्याप्रमाणे काडतुसं कुलपात हवीत. म्हणून पेटीतले टाळ काढून वॉशिंग मशीनमागे ठेवले होते आणि पेटीची किल्ली जानव्याला बांधली होती.

"बुवा, आज टाळ्यांवरच म्हणू या. टाळांचा आवाज फार होतो. शेजारी..."

"शेजारी काय म्हणतायत? मागच्या खेपेला तेच दारात उभं राहून डोलत होते!"

"किल्ली सापडत नाहीये."

"डुप्लिकेट आहे माझ्याकडे," म्हणत नीलिमाताईंनी कमरेचा जुडगा काढला आणि दीनानाथ सतरंजीवरून उठेपर्यंत झाकण वर झालं.

आत एकावर एक, नीट रचलेले, छोटे छोटे डबे. पेटी काठोकाठ भरलेली.

हार्मोनियमवाल्याचं बोट एकाच सुरावर दाबलेलं राहिलं.

"अगं बाई," नीलिमाताई म्हणाल्या. "हा तुमचा ब्रेड?"

ऊर्मी पुढे आली. तिने एक डबा उचलला, वाचला, परत ठेवला. "बाबा, यू सेड वन." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दीनानाथ बुवांच्या पायाशी बसले. "बुवा, चूक झाली. पोरीसाठी म्हणून साठवलं आणि पोरीचीच शर्यत घालवायला निघालो होतो."

बुवांनी वीणा खाली ठेवली. "माझ्यापुढे कशाला? तिच्यापुढे बोला. आणि गजर थांबवू नका, कोणीतरी टाळ शोधा."

टाळ सापडले, गजर झाला. दीनानाथांनी आयुष्यात इतक्या जोराने टाळ वाजवले नव्हते. आरती संपताच पेटी तशीच उचलून क्लबला न्यायची ठरली. तेवढ्यात हेझलला न्यायला तिचा बाप ब्रायन आला. दारात बूट काढता काढता त्याला पेटी दिसली. दीनानाथांनी हात जोडून सगळं सांगितलं. आता हा काय बोलेल, या भीतीने त्यांचे कान तापले.

ब्रायनचे गाल हळूहळू बीटासारखे लाल होत गेले.

"डॅड?" हेझल म्हणाली.

"दीना," ब्रायन घसा साफ करत म्हणाला, "माय फ्रीझर. अंडर द डिअर मीट. थर्टी-वन बॉक्सेस."

ऊर्मी आणि हेझल एकमेकींकडे बघत जिन्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. शिऱ्याची ताटली हातात घेऊन ब्रायनही हसला, पण जमिनीकडे बघत.

"आता चैत्रालीच्या बाबांना तरी सांगा, काळजी करू नका म्हणून," नीलिमाताई म्हणाल्या. "बिचारा शैलेंद्र आज कीर्तनालाही आला नाही. ऑफिसचं काम आहे म्हणाला."

दीनानाथांनी फोन लावला. पलीकडून वाऱ्याचा आवाज, बुटांखाली बर्फ कुरकुरण्याचा आवाज आणि कोणीतरी इंग्रजीत म्हणालं, "नेक्स्ट इन लाइन."

"शैलेंद्र, मी दीनानाथ. काडतुसांबद्दल एक खरं सांगायचंय..."

पलीकडून अगदी हळू आवाज आला:

"तुला कोणी सांगितलं? आमच्या हिनं?"