हमीदभायच्या तीन डब्या

आमच्या बायकोला एकदा एकशेदोन ताप चढला. शेजारच्या हमीदभायला सांगायला गेलो, तर हा माणूस मलाच विचारतो, "खोलीत किती होतं?"

"खोलीला कुठं ताप येतो, हमीदभाय?"

"खोली वजा कर, मग बोल. उगाच आकडा सांगू नको."

मग स्वतःच रिक्षा आणायला पळाला, ती गोष्ट वेगळी.

हमीदभाय मूळचा तुडीलचा. वीस वर्षं कुवेतला एसीची कामं केली आणि म्हातारपणी महाडात आमच्या शेजारी येऊन राहिला. बायको वारलेली, एकुलती मुलगी मस्कतला. दर शुक्रवारी नमाजानंतर कॉम्प्युटरवरून तिच्याशी बोलायचा. पण महाडचा मे महिना तो! मुलगी म्हणायची, "अब्बा, जेवलात का?" आणि मशीन तापून बंद पडायचं. हमीदभाय काळ्या पडद्याला सांगायचा, "जेवलो गो."

शेवटी त्यानं मशीनचा पंखा काढून पाणी लावलं. मशीनच्या आत प्रोसेसर म्हणून एक चकती असते, नखाएवढी. सगळी उष्णता तिची. तिच्यावर तांब्याची पोकळ डबी बसवायची आणि डबीतून पाणी फिरवायचं. पंप माशांच्या टाकीतला. पाणी निवायला जीपच्या हीटरची जाळी.

तांब्याची डबी म्हटल्यावर मी गप्प बसतोय? शाळा चौथीपर्यंत, पण हाडाचा तांबट. एक डबी जावयानं मस्कतहून पाठवलेली, दुसरी मुंबईची, तिसरी माझ्या हातची. हमीदभायनं परीक्षा मांडली. प्रत्येक डबीवर तासभर मशीन राबवायचं. मी भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा ओरडायचो, तो प्रोसेसरचा आकडा वहीत लिहून त्यातनं खोली वजा करायचा. बाकी कमी राहील ती डबी चांगली. पंधरा दिवस आमची ही शाळा चालली. एकेका डबीची परीक्षा पाच-पाच वेळा.

"एकदा मोजलं की झालं ना?" मी म्हटलं.

"एकदा मोजलेलं खोटं असतं रे."

मध्ये चहा व्हायचा. चहाचाही आकडा घ्यायचा!

निकाल लागला. मस्कत चौदा, मुंबई सतरा, तांबट एकोणतीस.

"तुमचं मोजमाप वाकडं हाय," मी म्हटलं.

"मोजमाप नाय, बूड." त्यानं माझी डबी काचेवर ठेवली. खालून उजेड दिसत होता. "तू बुडाला ठोके दिलेस. चकतीला टेकायला बूड सपाट लागतं."

ठोके देणारच! बापानं शिकवलंय, तांबटाचं भांडं ठोक्यांवरून ओळखतात. बिनठोक्याचा माल कुणीही विकतो. हे त्याला तोंडावर सुनावलं आणि "यापुढं तुमची पायरी चढणार नाय" म्हणून बाहेर पडलो.

दोन आठवडे गेलो नाही. बायको म्हणायची, "जावा की. भाय रोज दारात येऊन आपल्याकडं बघून जातात." माझी मान ताठच.

तिसऱ्या आठवड्यात तोच आला. "तांबट, चल जरा. मोजण्यात माझी चूक झाली. तुझी डबी तेरा. पयला नंबर."

गेलो. वही उघडी होती, तेरा लिहिलेले होते. पण खोलीत शिरलो तर मांदेलीचा वास. कॉम्प्युटरच्या खोलीत मासळी? टेबलाखाली वाकलो. टोपात जीपची जाळी बुडवलेली, वर बर्फाचे खडे. मासळीवालीकडून आणलेले.

चहाचा आकडासुद्धा कधी खोटा लिहिला नाही त्या माणसानं. कान लाल झाले होते त्याचे.

"सोडवा ती डबी," मी म्हटलं. "बूड घासून सपाट करतो."

"आणि बापाचे ठोके?"

"वरच्या अंगाला राहतील."

त्यानं वहीतले तेरा खोडले, एकोणतीस लिहिले, आणि मान वर न करताच विचारलं, "घासायला किती दिवस लागतील?"

"चार तरी."

"मग घरी कशाला नेतोस? काच इथंच हाय. इथं बसून घास."