गळाला न लागणारं नाव

शाळेतल्या बाईंनी नाव विचारलं तर आपला मुलगा काय सांगेल, या काळजीनं दिपालीची झोप उडाली होती. बाकीच्या आयांना पोरगं कविता म्हणेल का, रंग ओळखेल का, असल्या काळज्या असतात. दिपालीचं पोरगं रंग ओळखत होतं, एबीसीडी पार डब्ल्यूपर्यंत म्हणत होतं (पुढं त्याला दम लागायचा). त्याला ठाऊक नव्हतं ते फक्त स्वतःचं नाव. चार वर्षांचा घोडा झाला, तरी ते नाव घेऊन घरात कुणी त्याला हाक मारत नव्हतं.

त्याला कारण होतं. बारशाला आत्यानं त्याच्या कानात ‘रावजी’ म्हणून कुर्रर्र केलं, तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. रावजी म्हणजे दिपालीचे सासरे. आदल्याच वर्षी गेले होते. दिपालीनंही डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की आता याला हाक कशी मारायची? सासूबाई, म्हणजे ठमाबाई, नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत आणि ती सासऱ्यांचं घ्यायची नाही. बारामतीच्या कॉलेजात असताना याच रूढीविरुद्ध ती वक्तृत्व स्पर्धेत तावातावानं बोलली होती आणि उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची वाटी घेऊन आली होती. डाळजला लग्न होऊन आल्यापासून त्याच वाटीत ती सासूबाईंना मुकाट्यानं ताक देत होती.

एकदा तिनं धाडस केलं. पोरगं चिखलाच्या पायांनी घरात आलं, तशी ती म्हणाली, “रावजी, आधी पाय धू.” चुलीपाशी बसलेल्या ठमाबाई पदर सावरत ताडकन उभ्याच राहिल्या. चहाला आलेल्या शेजारच्या प्रयागबाई चहा तसाच ठेवून निघून गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत आळीत बातमी पोचली की शिकलेली सून मेलेल्या सासऱ्याला पाय धुवायला लावते.

ठमाबाईंनी आपल्यापुरती सोय लावली होती. त्या नातवाला ‘आबा’ म्हणायच्या, तेही ‘अहो’ लावून. मालकच परत आलेत यावर त्यांचा भरवसा होता, त्यामुळं जुने हिशेबही निघायचे. “आबा, तुमी तवा खिलारी खोंड इकला, माझं ऐकलं न्हाय,” असं त्या दूध पिणाऱ्या पोराला सुनावायच्या. पोरगंही “चुकलं,” म्हणायचं. (खऱ्या रावजींनी जन्मात तसं म्हटलं नव्हतं, असं ऐकिवात आहे.)

पण आईनं काय म्हणायचं? दिपालीनं सोनू सुचवलं, बंटी सुचवलं. तिचा नवरा अविराज मान हलवत राहिला. भाजीचा मळा सोडला, तर त्याला एकच नाद होता, उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसायचा. नावाचंही तसंच असतं, त्याच्यामागं धावायचं नसतं, गप बसलं की ते आपण होऊन ओढ देतं, असं त्याचं म्हणणं पडलं. तो पाळण्यापाशी गप बसला. थोड्या वेळानं पोराच्या डोक्याकडं पाहत समाधानानं म्हणाला, “कटला.”

कटला माशाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. दिपाली दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी अंघोळ घालताना साबण लावलेलं पोर हातातून निसटलं आणि अविराजला दुसरं नाव लागलं, मरळ. पुढं ते रांगत एकाच वेळी घरभर दिसायला लागलं, तेव्हा चिलापी झालं. आजारी असताना तिच्या गळ्याला विळखा घालून सुटेचना, तेव्हा वाम. मानसशास्त्रात बी.ए. केलेल्या बाईनं हे खपवून घ्यायला नको होतं. तिनं खपवूनही घेतलं नाही, ती स्वतःच हाका मारायला लागली. ‘कटल्या, दूध पी’ यातला दरारा ‘सोनू, दूध पी’ मध्ये नाही, हे तिला मान्य करावं लागलं. पोरगं रोज उठल्यावर डोळे चोळत विचारायचं, “आज मी कोण?”

आणि आता बारामतीच्या इंग्रजी शाळेत मुलाखत आली होती.

नाव शिकवायचं काम उघडच अविराजचं, कारण घरात ते घेऊ शकणारा तो एकटा. त्यानं रविवारी पोराला पाण्यावर नेलं आणि सांगितलं, तुझं खरं नाव रावजी. पोरानं विचारलं, हा कसला मासा? गळ हलला होता म्हणून अविराज घाईत म्हणाला, लय मोठा, आजून घावला न्हाय. घरी येऊन पोरानं आजीला बातमी दिली की रावजी अजून घावला नाही. ठमाबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या, आणि दिपालीला नवऱ्याला बोलायचं सोडून सासूबाईंना पाणी द्यावं लागलं.

डोळे पुसल्यावर ठमाबाईच म्हणाल्या, “मी शिकीवते. तू काळजी करू नको.”

“पण तुम्ही तर...”

“मला येतं घ्याया.”

त्या कशा घेणार, हे दिपालीनं विचारायला हवं होतं. पण काळजी करणाऱ्या माणसाला कुणी ‘काळजी करू नको’ म्हटलं, की पुढचं विचारायचा धीर होत नाही. आजी-नातू रोज गोठ्यामागं बसायचे, आणि पोरगं ‘येतंय मला’ म्हणत लाजत परत यायचं. ते का लाजतंय, हेही तिनं विचारलं नाही.

मुलाखतीला मोठ्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत बसल्या होत्या. त्यांनी रंग विचारले, पोरानं सांगितले. डब्ल्यूपर्यंत मजल गेली. मग त्यांनी प्रेमानं विचारलं, “आणि बाळ, तुझं नाव काय?”

पोरगं उठून उभं राहिलं. छातीवर पिनेनं लावलेला रुमाल ओढून डोक्यावर घ्यायला लागलं. तो पुरेना म्हणून त्यानं डोकंच खाली आणलं. मग नजर पायांकडं लावून, मुरकत, ठमाबाईंच्या हेलात खणखणीत म्हणालं,

“वांग्याच्या वाफ्याला पाटाचं पाणी,
रावजींचं नाव घेते, मळ्याची मी राणी.”

दाराशी उभा असलेला शिपाई तोंड दाबत बाहेर गेला. दिपालीला लख्ख कळलं. बायकोला नवऱ्याचं नाव घ्यायची एकच वाट असते, आणि सासूबाईंनी नातवाला सरळ त्याच वाटेनं नेलं होतं, पदरासकट. आता शाळा गेली, इंग्रजी गेलं, पोरगं जन्मभर गळ टाकत बसणार, असं तिला वाटत असताना बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं. नाव तर आलंय मुलाला, त्या म्हणाल्या, अगदी यमकात आलंय.



“आता आईचं नाव सांग.”

दिपाली पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसली. हे त्याला नक्की येत होतं. आजी दिवसभर अंगणातून ‘दिपाले’ म्हणून ओरडायच्या. पोरानं मात्र आधी बापाकडं बघितलं. अविराज आपल्या चपलेचा अंगठा मन लावून तपासत होता. (तिनं तेव्हाच उठायला हवं होतं.)

“घरातलं सांगू का पाण्यावरचं?” पोरानं विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “पाण्यावरचं सांग.”

“शिंगटी,” पोरगं म्हणालं. “हात लावला की काटा मारती. पण बाबा म्हणत्यात, घावली की परत पाण्यात सोडायची न्हाय.”