सरांच्या गाडीचं वाढीव वजन

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला सरांनी शिकवलं होतं, पण सरांनी स्वतः गाडी शेवटची कधी चालवली होती हे कोणालाच, अगदी सरांनाही, नीट आठवत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत स्टिअरिंग असतं शिकणाऱ्याच्या हातात. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि तोंडात जादा आवाज. या दोन अवजारांवर सरांनी उभी हयात काढली होती. समोर कुत्रं आलं की सर ब्रेक मारत. नाही आलं तरी मारत, कारण ते येऊ शकलं असतं. आणि मग शिकणाऱ्याकडे वळून म्हणत, "क्लच हळू सोडा! हळू म्हणजे हळू! तुमच्या घरी हळू कशाला म्हणतात?"

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर डोंगर चढायची मोटरसायकल का घ्यावी? तर मेहुण्याने विकली म्हणून. मेहुण्याचं टायरचं दुकान होतं, आणि जुनी गाडी गळ्यात मारायला बहिणीच्या नवऱ्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक दुसरं नसतं. "भावोजी, तुमच्या कसलेल्या हाताला ही गाडी म्हणजे किरकोळ," एवढंच तो म्हणाला. 'कसलेल्या' या शब्दावर सर विरघळले आणि गाडी दारात आली. उंच, सडपातळ, चिखलाने माखलेली आणि भयंकर तापट.

गावामागच्या टेकडीवर दर रविवारी या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा भरे. पहिल्याच रविवारी सरांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना बघायला बोलावलं. हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. सरांनी गाडी चढाला लावली, मूठ पिळली, आणि गाडी त्यांच्या खालून निघून गेली. सर जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे होते. एका विद्यार्थ्याने हे सगळं फोनवर टिपलं. 'तुम्हाला हातगाडीसुद्धा झेपायची नाही,' असं सर त्याला आठवडाभर ऐकवत आले होते, त्यामुळे त्याचा हात अजिबात हलला नव्हता. संध्याकाळपर्यंत गावाने ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

स्कूलचं ऑफिस सरांची बायको सांभाळायची. सर घरात वरच्या मजल्यावर कंबरेला मलम चोळून खाली उतरले तेव्हा ती फोन ठेवत होती.

"अहो, आणखी एकीने नाव मागे घेतलं."

"का?"

"म्हणाली, ज्यांना स्वतःला बसलेल्या जागी राहता येत नाही, ते माझ्या सुनेला काय शिकवणार?"

"गाडीचा दोष होता तो!"

"आपल्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. त्यावर तुम्ही काय म्हणता?"

सरांनी पुन्हा कंबर चोळली. ते जे म्हणत, ते बायकोसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं.

"हे बघा," बायको म्हणाली, "पुढच्या चौकात नवीन स्कूल निघालंय. गारगार एसी गाडी आहे त्यांच्याकडे. आपल्याकडे फक्त तुमचं नाव होतं, तेही आता धुळीत बसलेलं सगळ्यांनी पाहिलंय. येत्या रविवारी सगळ्यांसमोर तो चढ चढून दाखवा. नाहीतर आपण शटर ओढू आणि तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात पंक्चर काढायला बसा."

पंक्चरचं सरांना काही वाटलं नाही, पण मेहुण्याच्या हाताखाली या कल्पनेने त्यांना घाम फुटला. तो मेहुणा त्याच दुपारी समाचाराला आला आणि म्हणाला, "भावोजी, काही नाही हो, फक्त मूठ हळू पिळायची."

"हळू?" सर कडाडले. "हळू हा शब्द या गावाला मी शिकवलाय!"

मग सरांनी अभ्यास केला. म्हणजे जेवणाच्या ताटावरही फोन सोडला नाही. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या चर्चा वाचून त्यांना साक्षात्कार झाला. इंजिनाच्या पोटात फ्लायव्हील नावाचं एक चाक फिरत असतं. ते हलकं असलं की मूठ जरा हलवली तरी इंजिन उसळतं आणि सोडली की पटकन मरतं. त्या चाकाला वजन जोडलं की त्याला वेग घ्यायलाही वेळ लागतो आणि वेग सोडायलाही. ताकद तेवढीच राहते, पण अंगावर येत नाही, सावकाश येते. वाचून सरांना अक्षरशः भरून आलं. म्हणजे आपण निर्दोष होतो! गाडीच उथळ स्वभावाची होती.

"वजन वाढवायचंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय."

"माझं नाही, गाडीचं."

"तिला कोणी सांगितलंय?"

सर तडक लोखंड कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे गेले. लेथवाला हा वजनाचा भोक्ता होता. त्याच्या कारखान्याचं दार ढकलायला दोन माणसं लागत, बसायला दिलेलं स्टूल जागचं हलत नसे, आणि टेबलावर कागद उडू नये म्हणून ठेवलेल्या लोखंडाखालचे कागद उडणं सोडाच, कोणाला काढताही येत नसत. आयुष्यात त्याने सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं, पण यंत्राविषयी त्याची मतं ठाम होती.

सरांनी बोटांनी माप दाखवलं. "एवढंसं पोलादी कडं करायचं. फ्लायव्हीलवर बसवायचं."

"एवढंसं?" लेथवाला दुखावला. "सर, हे गाडीला कळणार तरी का?"

"लोक एवढंच लावतात."

"लोकांना कुठे गावाला तोंड दाखवायचंय?"

हे मात्र सरांना पटलं. थोड्याने थोडा फायदा होत असेल तर भरपुराने भरपूर होणार, हा हिशेब दोघांनी मिळून केला आणि दोघांनाही एकमेकांच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. कडं तयार झालं तेव्हा ते उचलताना लेथवाल्याच्या डोळ्यांत समाधान होतं.

कडं बसलं. मग इंजिनाचं झाकण बसेना, कारण आत आता कडं होतं. लेथवाल्याने झाकण बाहेर सरकवण्यासाठी मध्ये आणखी एक जाड रिंग घातली. झाकण बसलं, पण ते आता फुगून बाहेर आलं होतं, त्यामुळे गिअरचा दांडा त्याला अडकू लागला. दांडा तापवून बाहेर वाकवला. आता तो झाकणाला लागत नव्हता, पण सरांच्या पायालाही लागत नव्हता. त्यासाठी सरांना डावा पाय फाकवून बसावं लागे.

"सवय होईल," लेथवाला म्हणाला. "पायाला हाडं असतात, ती वळतात."

गाडी सुरू करायला किक मारली तर ती खालीच जाईना. सर किकवर दोन्ही पायांनी उभे राहिले, तरी ती त्यांना तोलून धरून उभी होती. शेवटी लेथवाला, त्याचा शेजारी आणि सर अशा तिघांनी उतारावर ढकलून गाडी सुरू केली. मात्र एकदा सुरू झाली आणि काय सांगावं! तो तापट फटफटाट गेला. जेवण झालेल्या माणसाने शतपावली करावी तसा तिचा आवाज येत होता. सरांचे डोळे पाणावले.

त्याच आनंदात ते घरी आले. ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात वळताना त्यांनी मूठ सोडली आणि उंच सीटवरून दोन्ही पाय जमिनीकडे सोडून गाडी थांबायची वाट बघत बसले. पूर्वी अशा वेळी इंजिन गचकन मरायचं. आता ते मरेना. जड चाकाला थांबायची घाई नव्हती. गाडी चालण्याच्या वेगाने, अत्यंत शांतपणे, रिव्हर्स शिकवायचे प्लास्टिकचे शंकू एकेक करून आडवे पाडत ऑफिसच्या दाराकडे निघाली. हँडलला हाताचा ब्रेक होता, पण ब्रेक म्हणजे पाय अशी सरांची जन्माची समजूत, आणि पाय तर दोन्ही जमीन चाचपत होते.

"थांब! थांब म्हणतो ना! हळू!" सर गाडीवर ओरडले. गाडी हळूच होती.

उंबरठा ओलांडून ती आत गेली आणि तिचं पुढचं चाक बायकोच्या टेबलाला टेकलं. तिथेही ती मेली नाही. टेबल इंचाइंचाने मागे सरकू लागलं. बायकोने चहाचा कप उचलून बाजूला ठेवला, हात लांब करून हँडलवरचं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "प्रवेश घ्यायचा असेल तर रांगेत या."

"बघितलंस?" धापा टाकत सर म्हणाले. "आता ती बंद पडत नाही!"

"ते दिसतंय. पण तुम्ही थांबवू शकता का तिला?"

"चढावर कोणाला थांबायचंय?" सरांनी विचारलं, आणि बायको सरकलेलं टेबल पुन्हा जागेवर ओढू लागली.

रविवारी टेकडीवर मेळाव्यापेक्षा मोठी गर्दी होती. नावं मागे घेतलेले लोक तर झाडून आले होते. पैसे न देता सरांना बघायला मिळत असेल तर का सोडा? बायको घडीची खुर्ची घेऊन पायथ्याशी बसली. मेहुणा वरच्या टोकाला, जुन्या टायरांच्या ढिगाशी उभा होता. चार जणांनी ढकलून गाडी सुरू करून दिली आणि सरांनी, न राहवून, चालू गाडीवर बसून भाषण केलं.

"गाडी चालवणं म्हणजे संयम! गेल्या रविवारी दोष यंत्राचा होता. मी तो काढलाय. आता बघा!"

आणि खरोखर बघण्यासारखंच होतं. पावसाच्या पाण्याने चढावर एक सरळ चर पडला होता. गाडीची दोन्ही चाकं त्यात शिरली आणि ती वर निघाली. उसळली नाही, घसरली नाही, मागचं चाक जागच्या जागी फिरलं नाही. गेल्या रविवारची जागा गेली. बायको खुर्चीतून अर्धी उठली. लोकांचे फोन खाली आले, कारण नुसतं चढणारं माणूस कोण टिपतं? डावा पाय फाकवून बसलेले सर मागे मान वळवून सांगत होते, "याला म्हणतात हळू! दिसतंय का? हळू!"

मान पुढे वळवली तेव्हा समोर एक दगड होता. फार मोठा नव्हता. गाडी त्याच्यावरून सहज गेली असती. पण समोर काही दिसलं की सरांच्या डोक्याला कोणी विचारत नसे, उजवा पाय परस्पर काम उरकायचा. तो याही वेळी उरकून मोकळा झाला. सर्व ताकदीनिशी ब्रेक लागला, मागचं चाक जवळजवळ जाम झालं, गाडी जागेवर अडली, आणि खड्या चढावर सर तोल जाऊन मागे सरकत सरकत सीटवरून उतरले ते थेट चरात बसले. दोन्ही हात पुढे. फोन पुन्हा वर आले.

दुसरी कुठली गाडी असती तर इंजिन तेव्हाच मेलं असतं. पण त्या पोलादी कड्याने त्याला मरू दिलं नाही. सरांचा पाय ब्रेकवरून निघताच गाडीने एक उसासा टाकला, दगड ओलांडला आणि चर धरून एकटीच पुढे चालू लागली. अंगावरचं मोठं ओझं उतरल्यामुळे तिची चाल आता अधिकच डौलदार झाली होती. शेवटच्या खड्या टप्प्यावर भले भले गडी लोळत असत. तो ती एका लयीत चढून गेली, माथ्यावर पोहोचली, टायरांच्या ढिगाला टेकली आणि मेहुणा बटण दाबेपर्यंत तिथे शांतपणे धडधडत राहिली.

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सरांना वाटलं, आपण पोहोचलो.

"चढ पूर्ण!" वरून मेहुणा ओरडला. "गाडीचा!"

बायकोने खुर्चीची घडी घातली आणि कोणाकडेही न बघता घरी निघून गेली.

सोमवारी सर वरच्या मजल्यावरून खाली उतरलेच नाहीत. कंबर दुखत होती हे खरं, पण त्यापेक्षा जास्त काही दुखत होतं. आपण संपलो, हे त्यांना कळून चुकलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली. पंक्चर काढताना आधी टायर काढतात की ट्यूब, याचा ते छताकडे बघत विचार करत होते. एवढ्यात खालून गलका ऐकू आला. आले, सर मनात म्हणाले, उरलेले लोक नाव काढायला आले.

ते कठड्याला धरून कसेबसे खाली उतरले. ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. बायको भराभर लिहीत होती आणि रांग अंगणात शंकूंपर्यंत गेली होती.

"सगळेच नाव काढतायत?" सरांनी खोल आवाजात विचारलं.

"घालतायत," बायको मान वर न करता म्हणाली. "कालचं सगळ्यांनी फोनवर पाहिलं. पुढच्या चौकातल्या एसी गाडीतून उठून आलेत."

रांगेतल्या एका आजोबांनी सरांना हात जोडले. "काय चढली हो गाडी तुमची! न डगमगता. मला अगदी तश्शी चालवायचीय."

सरांची कंबर एकाएकी सरळ झाली. लाज जशी आली तशी निघून गेली. ती या घरात नवीनच होती, रमली नाही. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि उजवा हात वर केला.

"गाडी चालवणं म्हणजे संयम! मी स्वतः तुमच्यातल्या एकेकाच्या शेजारी बसून..."

रांगेत चुळबुळ झाली. आजोबांनी जोडलेले हात सोडले आणि बायकोकडे बघितलं.

"अहो, थांबा," बायकोने पेन खाली ठेवलं. "सगळ्यांची एक अट आहे. मी कबूल करून टाकलीय."

"कसली अट?"

"शिकवताना तुम्ही गाडीत बसायचं नाही."

"गाडीत बसायचं नाही?" सरांचा आवाज फुटला. "अगं, मी गाडीत नसेन तर गाडी नीट चालेल कशी?"

बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं आणि पुढचा फॉर्म ओढला.

"काल चालली तशी."