नरहरपंत साळिंदराचा झेल

एका जंगलात, बाळांनो, पळस फुलला की विटीदांडूचा मोसम सुरू व्हायचा. संघ चार होते: टेकडी, ओढा, बांबूवन आणि करवंदी. खेळ तुमच्या ओळखीचाच. दांडूने विटी टोलवायची. ती जमिनीवर पडायच्या आत कोणी झेलली, तर टोलवणारा बाद. नाही झेलली, तर ती पडेल तिथपर्यंत दांडूने मोजायचे. जेवढे दांडू तेवढे गुण.

प्रत्येक संघात सात गडी. मग उरलेले जंगल काय करायचे, असे तुम्ही विचाराल. उरलेले जंगल चर्चा करायचे.

करवंदीच्या मैदानाच्या कडेला एक जांभळीचे झाड होते आणि त्याखाली एक काळा सपाट खडक. तिथून अख्खे मैदान दिसे आणि भर दुपारी सावलीही मिळे. त्या खडकावर मधोमध नरहरपंत साळिंदर बसत. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे. त्या जंगलात उंट नव्हता, त्यामुळे खडकावर भागवावे लागे.

पंतांनी जन्मात दांडू हातात धरला नव्हता, पण खेळातले त्यांना सगळे कळत असे. आणि कोणाला ते पटले नाही, तर पंतांचे काटे उभे राहत आणि सळसळू लागत. मग त्यांचे म्हणणे खोडून काढायला कोणी जवळ जात नसे. वर्षानुवर्षे न खोडलेले मत बरोबरच असणार, असे जंगल समजू लागले आणि हळूहळू पंतही समजू लागले.

घरी मात्र पंतांना कोणी काही विचारत नसे. आज कोणता कंद उकरायचा हेसुद्धा साळिंदरीणबाई ठरवत. पंतांनी तोंड उघडले की त्या म्हणत, "तुम्ही आधी काटे मिटून बसा बघू, पोरांना लागतील." पंत काटे मिटून बसत. त्यांच्यासाठी खडक म्हणजे काय होता, हे आता तुम्हाला समजले असेल. खडक गेला असता, तर पंत उरले असते नुसते एक साळिंदर.

तर त्या वर्षी पळस फुलला आणि पहिलाच सामना करवंदी हरली. टेकडीच्या शेवटच्या गड्याने टोला हाणला, विटी उंच गेली आणि सोपान भेकराच्या हातातून सुटली. सोपान संघात नवीन होता. करवंदीसाठी तो पहिल्यांदाच खेळत होता.

खडकाभोवती गर्दी जमली.

"संपला संघ," टिटवी अक्का म्हणाली. दर वर्षी पहिल्या सामन्यानंतर ती हेच म्हणे. जिंकला तरीही.

"अजून मोसम लांब आहे," गवादाजी रवंथ करत म्हणाले. तेही दर वर्षी हेच म्हणत. खरे म्हणजे त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण इतके हळू बोललेले कोण ऐकतो?

मग सगळ्यांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी घसा साफ केला.

"झेल हातानं घ्यायचा नसतो," ते म्हणाले. "झेल पायानं घ्यायचा असतो. पाय वेळेवर विटीखाली पोचले, की हात आपोआप आपलं काम करतात. ह्या भेकराचे पायच उशिरा पोचले. काढा त्याला."

"पण पंत, त्याच्या डोळ्यांत उन्हं आली होती म्हणतो तो," कोणीतरी मागून म्हणाले.

पंतांचे काटे सळसळले. "नाचता येईना अंगण वाकडं. उन्हं काय आजच उगवली?"

सगळे हसले. पंतही हसले. बाळांनो, चारचौघे आपल्या बोलण्यावर हसले की पोटात काय गोड गुदगुल्या होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पंतांना त्या दिवशी घरी जाताना कंद आठवलासुद्धा नाही.

सोपान भेकर करवंदाच्या जाळीमागे उभा होता. त्याने सगळे ऐकले. भेकराचे कान मोठे असतात, यात पंतांचा काय दोष?

दुसऱ्या सामन्याच्या दिवशी सोपान आलाच नाही. पाय दुखतो, असा निरोप त्याने धाडला. समोर बांबूवनाचा संघ दांडू परजत उभा आणि करवंदीचे गडी सहाच. कप्तान मुंगूस पळत पळत खडकाशी आला.

"एक गडी कमी आहे," तो म्हणाला. "कोणीतरी चला. नुसतं उभं राहायचंय मागे. तिकडे विटी येतसुद्धा नाही."

गवादाजींचे रवंथसुद्धा थांबले. कोणी जांभळीच्या फांद्या पाहू लागले, कोणी आपले खूर.

टिटवी अक्का म्हणाली, "पंत, जा की तुम्ही. तुमच्याइतकं कळतंय कोणाला?"

पंतांनी तिच्याकडे निरखून पाहिले. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, हीच खरी अडचण होती.

"माझा गुडघा जरा..." पंत म्हणाले.

"उभंच राहायचंय म्हणतात ना," टिटवी म्हणाली आणि बोलता बोलता खडकाच्या कडेवर येऊन बसली. आजवर ती खाली, गवतात बसत असे.

पंतांनी तिचे ते दोन पिवळे पाय आपल्या खडकावर पाहिले. नाही म्हणावे तर जागा आजच जाते. हो म्हणावे तर मैदानात जावे लागते. ते उठले. उठताना त्यांनी पाठीवरचा एक काटा झाडला आणि बसायच्या जागी मधोमध ठेवला. एस.टी.च्या खिडकीतून तुमचे काका रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा.

"आलोच," ते म्हणाले.

मैदान खडकावरून दिसते तेवढे लहान नसते, हे पंतांना तिथे गेल्यावर कळले. खालून सगळेच लांब होते. खडकही लांब होता आणि त्याभोवती बसलेले सगळे आपल्याकडेच पाहताहेत असे त्यांना वाटत होते. ते खरेच होते.

पंत मागे उभे राहिले. विटी तिकडे आली नाही. एक गडी बाद झाला, दुसरा झाला, आणि पंतांना हळूहळू धीर आला. त्यांनी एकदोनदा कप्तानाला हात करून डावीकडे सरकायला सांगितले. कप्तान सरकला नाही.

उन्हे कलली. बांबूवनाचा शेवटचा गडी, एक तगडा वानर, दांडू घेऊन उभा राहिला. त्यांना जिंकायला थोडेच गुण हवे होते. एक टोला बसला तर बांबूवन जिंकणार होते आणि झेल मिळाला तर करवंदी. वानराने विटी कोलली आणि सपकन टोला हाणला. विटी वर गेली. खूप वर गेली, आणि तिथून तिने सगळे मैदान सोडून नरहरपंतांची दिशा धरली.

पंत धावले. खरेच धावले, यात मी पदरचे काही घालत नाही. त्यांचे पाय अगदी वेळेवर विटीखाली पोचले. त्यांनी आयुष्यभर सांगितले होते तसेच पोचले. मग त्यांनी वर पाहिले.

वर सूर्य होता.

पांढरेफेक सगळे. त्यात कुठेतरी विटी होती आणि ती खाली येत होती. पंतांना भीती वाटली. विटीची नव्हे, खडकाची. आणि त्या क्षणी त्यांना सोपान आठवला. अरे, असे असते होय, असे त्यांच्या मनात आले. सोपानाबद्दल त्यांना इतके वाईट वाटले की क्षणभर स्वतःबद्दल वाईट वाटायचे राहून गेले.

हात आपोआप काम करतील म्हणून पंत थांबले. हातांनी काही केले नाही. जे काही केले ते साळिंदराच्या अंगानेच केले. वरून काही पडू लागले की साळिंदर जे करते, तेच. डोके आत, काटे बाहेर. विटी काट्यांवर टणकन आपटली, उडाली आणि गवतात जाऊन पडली.

करवंदी हरली.

मैदानातून खडकापर्यंतची वाट पंतांना फार लांब वाटली. वाटेत त्यांनी पुष्कळ विचार केला. सगळ्यांना सांगावे, की बाबांनो, खाली उभे राहिल्यावर उन्हे खरेच डोळ्यांत येतात. सोपान खोटे बोलत नव्हता. झेल सोपा नसतो. मी इतकी वर्षे जे बोललो ते एका जागी बसून बोललो. हे सगळे त्यांच्या ओठांपर्यंत आले होते.

ते खडकापाशी पोचले. टिटवी अक्का आता काट्याला अगदी खेटून बसली होती. तिने चोच उघडली.

पंतांच्या ध्यानात आले. ती एकदा बोलली, की खडक तिचा.

"काढा त्या साळिंदराला," नरहरपंत म्हणाले.

टिटवीची चोच तशीच उघडी राहिली.

"मी तर म्हणतो, घेतलाच कोणी त्याला?" पंतांचा आवाज चढला. "अरे, विटी डोक्यावर येतेय आणि हा गडी डोकं आत घेतो. झेल घ्यायला आला होता की झोपायला? चाल बघितलीत का त्याची? पोट बघितलंत का? आणि वर हात करून कप्तानाला शहाणपण शिकवतोय."

कोणीतरी खुदकन हसले. मग सगळे हसले.

"पण पंत, त्याचे पाय तर वेळेवर पोचले होते," गवादाजी म्हणाले.

"पाय पोचून काय करायचंय? पायानं कधी झेल घेतात का?" पंत गरजले. "झेल हातानं घ्यायचा असतो."

काय सांगू तुम्हाला, असे भाषण त्या खडकावर पूर्वी झाले नव्हते. पंतांना त्या साळिंदराचे सगळे दोष आतून माहीत होते, त्यामुळे त्यांना मुद्दे शोधावे लागले नाहीत. गवादाजींना हसताना ठसका लागला. टिटवी अक्का कधी खाली गवतात उतरली, ते तिचे तिलाही कळले नाही. पंतांनी काटा उचलला, पाठीत खोचला आणि आपल्या जागी बसले.

तेवढ्यात सोपान भेकर पुढे आला. पाय दुखतो असा निरोप धाडून तो जाळीमागून सामना बघत होता. त्याचे डोळे चमकत होते. बिचाऱ्याला वाटले, आता आपल्याला समजून घेणारे एक तरी माणूस, म्हणजे साळिंदर, या जंगलात आहे.

"पंत," तो हळूच म्हणाला, "डोळ्यांत उन्हं आली होती ना?"

आली होती. पंतांना अजूनही डोळे मिटले की ते पांढरे दिसत होते. पण सगळे ऐकत होते.

"उन्हं काय आजच उगवली?" नरहरपंत म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. सोपान तिथेच उभा राहिला. मग इतर हसत होते म्हणून तोही हसला. आणि हसता हसता त्याच्या असे लक्षात आले, की आज हसणाऱ्यांत उभे राहिले तर कोणी आपल्याला हसत नाही. तो खाली बसला. जागा चांगली होती. सावलीही होती.

तिसऱ्या सामन्याला कप्तान मुंगूस पुन्हा धापा टाकत आला. या खेपेला तीन गडी कमी होते. सुटलेल्या झेलांबद्दल खडकावर काय बोलतात ते ज्यांनी ऐकले होते, त्यांचेही पाय दुखू लागले होते. कप्तानाने सगळ्यांकडे पाहिले. सगळ्यांनी जांभळीकडे पाहिले.

"कप्तानच कच्चा आहे," टिटवी म्हणाली. "संपला संघ."

"ह्याला गडी टिकवताच येत नाहीत," सोपान भेकर म्हणाला. बोलून झाल्यावर त्याने पंतांकडे पाहिले आणि पंतांनी मान डोलावली. सोपानाच्या पोटात गोड गुदगुल्या झाल्या.

कप्तान थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने दांडू जांभळीला टेकवला आणि म्हणाला, "जरा सरका."

सगळे सरकले.

त्या मोसमात करवंदीचा संघ पुन्हा मैदानात उतरला नाही. तरी चर्चा जांभळे पिकेपर्यंत चालली आणि इतकी रंगली की टेकडी, ओढा आणि बांबूवनातले गडीही ऐकायला येऊ लागले. एकदा आले ते परत गेले नाहीत. मैदानात गवत वाढले. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: त्यानंतर जंगलात कोणाच्याही हातून झेल सुटला नाही.

एके संध्याकाळी बाकीचे पाणी प्यायला ओढ्यावर गेले होते. खडकावर फक्त पंत होते आणि खाली सोपान. समोर कललेली उन्हे गवतावर पडली होती. पंत बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सोपान, त्या दिवशी..."

"काय, पंत?"

तेवढ्यात टिटवी अक्का परत आली.

"काही नाही," पंत म्हणाले. "सावलीत सरक जरा. उन्हं डोळ्यांत येतात."

मागून गवादाजी आले, बसले आणि रवंथ करत म्हणाले, "अजून मोसम लांब आहे."

तात्पर्य: झेल सुटला तरी चालेल, बाळांनो, खडक सुटता कामा नये. (गोष्ट सांगणाऱ्यालाही कधी झेल घेता आला नाही. पण तुम्ही आतापर्यंत ऐकत बसलात ना? मग झाले तर.)